पहिली गाडी रस्त्याला विचारून घ्या

केजहून धारूरपर्यंतचा वीसेक किलोमीटरचा रस्ता तसा बरा. खामगाव-पंढरपूर महामार्गाचाच तो तुकडा. धारूर ओलांडलं की घाट लागतो, अरुंद आणि आंधळ्या वळणांचा. घाट उतरून तेलगावच्या अंगाला गेलं की काळं रान सुरू होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी पहिली नेमणूक झाली ती या घाटाखालच्या, महामार्ग सोडून आत असलेल्या एका गावात. घर केजला. एकेरी तीसेक किलोमीटर, त्यातला शेवटचा टप्पा कच्चा. एसटी फाट्यावर सोडायची, पुढं पायी. संध्याकाळची एसटी चुकली की अंधार पडेपर्यंत फाट्यावरच उभं राहायचं. बालाघाटाच्या या पट्ट्यात शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवक, महावितरणची माणसं, बँकेची माणसं अशीच ये-जा करतात. इथं मोटारसायकल हौसेची नसते, तिच्यावर नोकरी चालते.

2024 साली पवित्र पोर्टलमधून नवे शिक्षक आमच्या जिल्ह्यात रुजू झाले. बरीचशी मुलं-मुली पंचविशी-तिशीतली, काही थेट दुसऱ्या जिल्ह्यातून आलेली. शाळेचा पट, वर्गखोल्या, पगाराची शालार्थ प्रणाली वगैरे विचारून झालं की हमखास प्रश्न येतो, ‘सर, गाडी कोणती घेऊ?’ मी लगेच नाव सांगत नाही. शाळा कुठं, राहणार कुठं, वाटेत ओढा आहे का, मागं कोण बसणार, संध्याकाळी निघायला किती वाजतात, हे आधी विचारतो. नवीन माणसाला वाटतं सर टाळाटाळ करतायत. तसं नाही. गाडी आधी ठरवली आणि रस्ता नंतर बघितला, तर त्याची किंमत पावसाळ्यात मोजावी लागते. मी ती मोजलेली आहे.

माझी पहिली गाडी मी निवडलेली नव्हती. माझे थोरले बंधू वाळूजला कंपनीत कामाला. 1985 साली बजाजचा कारखाना तिथं सुरू झाला, त्याच्या आधारानं सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या, आणि बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतला एक मुलगा त्या भागात कामाला गेला. दादा त्यांतलेच. मला नोकरी लागल्याचं कळलं तेव्हा त्यांनी ओव्हरटाइम करून साठवलेल्या पैशातून गाडी बुक केली आणि स्वतः चालवत केजला आणली. ‘मास्तर झालास, आता एसटीमागं पळायचं नाही,’ म्हणाले. दीडशे सीसीची, टाकी फुगीर, हँडल खाली, बसणाऱ्याला पुढं झुकवणारी, मागची सीट उंच चढलेली. आईनं ओवाळलं, नारळ फोडला. दादा ज्या रुंद, सरळ रस्त्यांवर रोज जात होते, तिथं ती गाडी खरोखरच उत्तम होती. त्यांनी आपल्या रस्त्यावरची सगळ्यात चांगली गाडी भावाला दिली. आमचा रस्ता निराळा होता, एवढंच.

उन्हाळाभर काही जाणवलं नाही. कोरड्या रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या असतात. मृगाचा पाऊस पडला, शाळा उघडली, आणि फाट्यापासून आतला रस्ता चिखलाचा झाला. काळ्या मातीचा चिखल ज्यानं तुडवलाय त्यालाच तो कळतो. तो टायरला थरावर थर चिकटतो. माझ्या गाडीचं पुढचं मडगार्ड टायरला अगदी लागून होतं, दिसायला देखणं. शे-दोनशे पावलांवर त्या फटीत चिखल ठासून भरला आणि पुढचं चाक फिरायचंच बंद झालं. गाडी ना पुढं, ना मागं. उतरून काडीनं चिखल काढायचा, पुन्हा तेवढंच अंतर जायचं, पुन्हा उतरायचं. असाच एकदा गाडी सावरताना उजवा पाय घसरला. दीडशे किलोच्या जवळपासचं ते धूड उजव्या अंगावर आलं आणि पोटरी सायलेन्सरखाली सापडली. घाट उतरून आलेली गाडी, सायलेन्सर तापलेला. ओरडायलाही वेळ लागला. शेजारच्या रानात सरकी लावत असलेले दोघं पळत आले, गाडी उचलली, कळशीतलं पाणी पायावर धरलं. त्यांतले वयस्कर बाबा चाकाकडं बघून म्हणाले, ‘गुरुजी, ही डांबरीवरची गाडी हाय. हितं चाकातून चिखल निघायला जागा लागती.’

गाडी निवडण्याबद्दल इतकं नेमकं वाक्य मी नंतर कुणाकडून ऐकलं नाही. जखम भरली, डाग राहिला. त्या पावसाळ्यात मी गाडी फाट्यावरच्या हॉटेलवाल्याकडं लावून आत चालत जाऊ लागलो. दादांना सांगायला जीभ रेटत नव्हती, त्यांच्या घामाचा पैसा होता. दिवाळीला ते आले, माझी पोटरी बघितली, एकदा स्वतः शाळेपर्यंत जाऊन आले आणि संध्याकाळी म्हणाले, ‘काढून टाक ही, तुझ्या रस्त्याची घे.’ मग दुसरी गाडी घेताना आम्ही दोघांनी जे जे तपासलं, आणि पुढं सहकाऱ्यांबरोबर शोरूम फिरताना, जुन्या गाड्या बघताना जे शिकलो, ते इथं सांगतो.

पहिली गोष्ट वजनाची, आणि तीही उभ्या गाडीच्या. चालत्या गाडीला वजन जाणवत नाही. ते जाणवतं पंक्चर झाल्यावर ढकलताना, चढावर उलटी वळवताना, शाळेच्या फाटकातून उचलून आत घेताना. शोरूममध्ये गेलात की सीटवर बसून आरशात बघू नका. दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतात का ते बघा. खाली उतरून गाडी मागं ढकला. मेन स्टँडवर चढवा आणि उतरवा. जमलं तर थोडी एका बाजूला कलवून पुन्हा सरळ करा. शंभर सीसीच्या गाड्यांना उगाच लोक नावं ठेवतात. स्प्लेंडरचं वजन 112 किलोच्या आसपास आणि सीटची उंची 785 मिलिमीटर. होंडाची शाईन 100 तर 99 किलोची. चिखलात तीस-चाळीस किलोंचा फरक म्हणजे एकट्यानं गाडी उचलता येणं आणि मदतीची वाट बघत बसणं, यातला फरक आहे. आमच्या नव्या शिक्षिकांनाही मी हेच सांगतो. बाईमाणसाला स्कूटीच बरी, असं घरचे ठरवून टाकतात. रस्ता पक्का असेल तर स्कूटर चांगलीच आहे, पायाशी सामान ठेवायला जागा मिळते. शाळा कच्च्या रस्त्यावर असेल तर बहुतेक स्कूटरांची छोटी चाकं खड्ड्यात अडकतात आणि पोट दगडाला लागतं. तिथं मोठ्या चाकाची हलकी मोटारसायकल जास्त सुरक्षित. शिकायला काही दिवस जास्त जातील, जाऊ द्या.

चाकांचं बोललोच आहे तर पुढचं मडगार्ड आणि टायर यांत बोटं जातील एवढी फट आहे का ते वाकून बघा. खालून इंजिन आणि सायलेन्सर जमिनीपासून किती वर आहे तेही बघा. 165 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर आमच्याकडच्या गतिरोधकांवर आणि दगडांवर गाडी घासत नाही. टायर ट्यूबलेस असावं. घाटात खिळा घुसला तर ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू जाते, धारूर किंवा तेलगाव गाठता येतं. ट्यूबचं टायर जागेवर बसतं. तारेच्या चाकाला सहसा ट्यूबच लागते, म्हणून ट्यूबलेस हवं असेल तर अलॉय घ्यावं लागतं. अलॉयला जोराचा दगड लागला तर तडा जातो, हे खरं आहे, पण रोजच्या वापरात पंक्चरचा त्रास त्याहून कितीतरी जास्त.

घाटासाठी पुढं डिस्क ब्रेक असेल तर दोन-चार हजार जास्त द्यायला हरकत नाही. ड्रम ब्रेकमध्ये ओढ्याचं पाणी शिरलं की थोडा वेळ ब्रेक लागतच नाही. ओढा ओलांडल्यावर हळू चालवत ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून तो सुकवावा लागतो. एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या दुचाकींना, 125 सीसीपर्यंत कॉम्बी ब्रेक आणि त्याच्या वर एबीएस, बंधनकारक झालं. कॉम्बी ब्रेकमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. उपयोगाचाच आहे. तरी त्याच्या भरवशावर हाताच्या ब्रेकची सवय सोडायची नाही.

आणि घाटातली एक सवय आमच्याकडं घट्ट रुजलेली आहे, तिच्याविषयी जरा स्पष्ट बोलतो. पेट्रोल वाचवायचं म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करायची, काही जण तर बंदच करतात. इंजिनचा अडसर गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतो, आणि खालच्या वळणावर समोरून ऊसाचा ट्रॅक्टर आला तर थांबायला काहीच उरत नाही. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 आल्यापासून बहुतेक गाड्यांत कार्बुरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं आहे. अशा गाडीत गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंजिनला पेट्रोल जवळपास जातच नाही. म्हणजे न्यूट्रल करून वाचतही काही नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.

हेडलाइटची चौकशी करणारं गिऱ्हाईक मी अजून बघितलं नाही, आणि बीड जिल्ह्यात तर ती पहिल्यांदा करायला हवी. दिवाळीनंतर कारखाने सुरू होतात. तेलगावच्या कारखान्याकडं ऊसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं रिफ्लेक्टर असलाच तर पाचटाखाली झाकलेला. पंक्चर झालेली ट्रॉली तशीच रस्त्यावर उभी राहते, मागं दिवा नाही, फार तर चार दगड ठेवलेले. डिसेंबरात सहा वाजता अंधार पडतो आणि शाळा सुटून निघालेला माणूस नेमका तेव्हा रस्त्यावर असतो. समोरून येणाऱ्यानं डिपर दिला नाही की दोन क्षण काहीच दिसत नाही, आणि त्याच दोन क्षणांत ती ट्रॉली येते. आमच्या भागातल्या घराघरात या अपघाताची एक तरी आठवण आहे. म्हणून गाडी बघायला दुपारी जाऊ नका, दिवस मावळताना जा. भिंतीसमोर उभी करून खालचा प्रकाश किती रुंद पडतो, रस्त्याची कड दिसते का, ते बघा. नुसता पांढरा शुभ्र उजेड म्हणजे चांगला उजेड नव्हे. धुळीत आणि थंडीतल्या धुक्यात तो डोळ्यांवरच परत येतो. गाडी घेतल्यावर मागच्या बाजूला आणि दोन्ही अंगांना चांगल्या प्रतीची रिफ्लेक्टर पट्टी चिकटवून घ्या, खर्च अगदी किरकोळ आहे.

सोयाबीन निघाली की रस्त्याचं खळं होतं, तेही लक्षात ठेवा. शेतकरी शेंगा रस्त्यावर पसरतो, कडेला दगड लावतो. त्यावरून गाडी गेली की चाकाखाली गोट्या पसरल्यासारखं होतं. तिथं ब्रेकही लावायचा नाही आणि हँडलही वळवायचं नाही, आधीच वेग कमी करून सरळ जायचं. रुंद, गुळगुळीत टायरच्या गाडीला हे जास्त बाधतं.

मागं कोण बसणार हा प्रश्न एकट्या तरुणाला अनावश्यक वाटतो. वर्षभरात लग्न होतं, किंवा आईला अंबाजोगाईच्या दवाखान्यात न्यायची वेळ येते. माझ्या पहिल्या गाडीवर आई एकदाच बसली. सीट इतकी उंच की साडी सावरत तिला चढताच येईना, ओट्यापाशी गाडी लावून तिला बसवलं. परत येताना ती रिक्षानं आली. मागं धरायला कडी, पाय ठेवायला पायटा आणि चाकात साडी जाऊ नये म्हणून साडीगार्ड असणं केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. स्पोर्टी दिसण्याच्या नादात पोरं गाडी घेतल्याबरोबर साडीगार्ड काढून टाकतात. काढू नका. पदर किंवा ओढणी चाकात गेली की मागं बसलेली व्यक्ती खेचली जाते, सावरायला वेळच मिळत नाही. मागच्या शॉकअपला घट्ट-सैल करायची सोय असते. मागं माणूस बसणार असेल तर ती एक-दोन घर वर घ्या आणि मागच्या टायरला हवा वाढवा. किती हवा भरायची तो आकडा गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात असतो. ते पुस्तक शाळेच्या पोरानं उघडावं तसं तरी एकदा उघडून वाचा.

दुरुस्तीचा विचार गाडी घेतानाच करावा. स्प्लेंडर 1994 साली आली, आणि तिचं 97.2 सीसीचं इंजिन ज्या घराण्यातलं, ती हिरो होंडाची सीडी 100 तर 1985 सालची. इतक्या वर्षांत गावोगावच्या मिस्त्रींचा हात त्या इंजिनावर बसला आहे. क्लच वायर, ब्रेक शू, चेन-चक्री धारूरच्या छोट्या दुकानातही मिळते. प्लॅटिना, शाईन, एचएफ डिलक्स यांचंही आमच्याकडं तसंच. मी कुठल्या कंपनीची तरफदारी करत नाही. तुमच्या रस्त्यावरच्या मिस्त्रीकडं जाऊन उभं राहा, त्याच्याकडं दुरुस्तीला कोणत्या गाड्या येतात आणि कोणत्या भागासाठी त्याला बीडला किंवा संभाजीनगरला माणूस पाठवावा लागतो, ते विचारा. तो खरं सांगतो, कारण गाडी विकून त्याला काही मिळत नाही. माझ्या पहिल्या गाडीची क्लच लिव्हर मोडली तेव्हा नवी यायला आठवडा गेला. तेव्हापासून क्लच वायर, प्लग आणि पंक्चरची पट्टी डिकीत असतेच.

विजेच्या गाडीबद्दल हल्ली सगळे विचारतात. अंबाजोगाई, माजलगाव, बीड अशा गावातल्या गावात फिरणं असेल तर ती परवडते. घाट आणि कच्चा रस्ता असेल तर एका चार्जिंगमध्ये सांगितलेलं अंतर प्रत्यक्षात कमी भरतं. शाळेतली लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा जाऊन-येऊन अंतर पुरून वर निम्मं शिल्लक राहील अशीच घ्या.

आता पैशाचं. इथं नवीन नोकरदार सगळ्यात जास्त फसतो, म्हणून जरा आकड्यात सांगतो. रोज जाऊन-येऊन 60 किलोमीटर, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 1500 किलोमीटर. 60 चं अॅव्हरेज देणाऱ्या गाडीला 25 लिटर लागतं, 40 चं देणाऱ्या गाडीला साडेसदतीस. लिटरला 105 रुपये धरले तर महिन्याला तेराशे रुपयांहून थोडा जास्त फरक पडतो. पाच वर्षांत तो पाऊण लाखाच्या पुढं जातो, म्हणजे एका नव्या साध्या गाडीएवढा. सुरुवातीची तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर काढायची आहेत, हे ध्यानात ठेवून गाडी निवडा.

कर्ज काढणार असाल तर व्याजाचा दर ‘फ्लॅट’ आहे की घटत्या शिलकीवर, हे विचारल्याशिवाय सही करू नका. समजा 80,000 रुपये तीन वर्षांसाठी 12 टक्के फ्लॅट दरानं घेतले. व्याज होतं 28,800, हप्ता साधारण 3,022. ऐकायला 12 टक्के. पण दर महिन्याला मुद्दल फिटत असतं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 80,000 वर लागत राहतं. घटत्या शिलकीच्या हिशोबानं हाच दर 21 टक्क्यांच्या आसपास जातो. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेनं अशा कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बँका आणि फायनान्स कंपन्यांना बंधनकारक केलं आहे. सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर किती, तो एका कागदावर आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो. तो कागद मागा, घरी न्या, रात्री शांतपणे वाचा. पगार ज्या बँकेत होतो तिथंही एकदा विचारा. शिक्षकांच्या पतसंस्थाही असतात. शोरूममधल्या टेबलावर मिळणारं कर्ज झटपट असतं, म्हणून ते स्वस्त असतं असं नाही.

किंमत विचारताना एक्स-शोरूम विचारू नका, रस्त्यावर येईपर्यंतची विचारा, आणि ती कागदावर फोडून लिहून घ्या. गाडी, कर, नोंदणी, विमा, नंबर प्लेट. त्यात ‘हँडलिंग’ नावाची ओळ दिसली तर ती कशाची, हे शांतपणे विचारा. बहुतेकदा नुसतं विचारल्यावरच ती कमी होते किंवा जाते. लेग गार्ड, सीट कव्हर यांचं ‘पॅकेज’ घ्यावंच लागेल असं सांगतात. तसं काही नसतं. उलट दुचाकी घेताना बीआयएस प्रमाणित हेल्मेट देणं ही कंपनीची जबाबदारी आहे, असं मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. ते मागून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. जुनं दरपत्रक कुणी दाखवत असेल तर तेही तपासा.

विमा शोरूमवाल्याकडूनच घ्यायला हवा असं नाही. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच घ्यावा लागतो. तो समोरच्याच्या नुकसानीसाठी. तुमच्या गाडीची भरपाई त्यातून मिळत नाही, त्यासाठीचा विमा वर्षाच्या वर्षाला वेगळा घ्यावा लागतो. मालक-चालकाचा 15 लाखांचा व्यक्तिगत अपघात विमा असतो, त्यात वारसाचं नाव लिहिलेलं आहे का ते बघा. कितीतरी पॉलिसींवर ती जागा कोरी असते किंवा तिथं काहीही भरलेलं असतं. हा विमा मिळायला अपघाताच्या वेळी चालवणाऱ्याकडं त्या प्रकारचा वैध परवाना लागतो. बिनगिअरच्या गाडीचा परवाना काढून मोटारसायकल चालवणारे मला माहीत आहेत. घरच्यांवर वेळ आली की तो कागद कामाचा राहत नाही.

जुनी गाडी घेण्यात कमीपणा काही नाही. माझी दुसरी गाडी जुनीच होती आणि तिनं मला बरीच वर्षं साथ दिली. इंजिनाचा आवाज सगळेच ऐकतात. तुम्ही पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे का ते बघा, मेन स्टँडवर लावून हँडल डावी-उजवीकडं हळू फिरवा, मध्येच अडकल्यासारखं वाटलं तर आतला कोन-सेट गेलाय. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी चांगली दिसली तरी आमच्या उन्हात जुनं रबर कडक होतं. एप्रिल 2023 च्या आधीची गाडी असेल तर पेट्रोलच्या रबरी नळ्या तपासून घ्या, कारण आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. एप्रिल 2019 आधीची असेल तर नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे का तेही बघा.

कागदांच्या बाबतीत आमच्याकडं फार ढिलाई चालते. मालकी बदलाच्या टीटी फॉर्मवर सही घेऊन गाडी तशीच वर्षानुवर्षं फिरते, एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि आरसी बुकावर पहिल्याच माणसाचं नाव राहतं. 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं आहे की कागदावर ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, गाडी विकून टाकलेली असली तरी. विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं दोघांनीही हे समजून घ्यायला हवं. पासिंग बीडचं एमएच-23 असो की अंबाजोगाईचं एमएच-44, बोजा, विमा आणि जुने चलन ऑनलाइन बघता येतात. आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

मुहूर्ताचं मी मानतो. पाडव्याला, दसऱ्याला गाडी दारात यावी, आईनं ओवाळावं, हे कुणाला नको असेल? पण ठरवायचं काम आधी उरका. त्या दिवशी शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते, जो रंग आणि जे मॉडेल शिल्लक असेल ते गळ्यात मारलं जातं, आणि कागद वाचायला कुणाला सवड नसते. पंधरा दिवस आधी हिशोब पक्का करून बुकिंग करा, मुहूर्ताला फक्त किल्ली घ्या.

शोरूमच्या टेस्ट राईडवर मात्र विसंबू नका. ती गाडी ज्या सहकाऱ्याकडं आहे त्याच्याकडून एक दिवस मागून घ्या, रुजू व्हायच्या आधीच्या रविवारी. दोघांची हेल्मेटं घ्या, मागं घरातलं कुणीतरी बसवा आणि घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन या. घाट चढताना मागच्या माणसासकट तिसऱ्या गिअरला गाडी ओढते का, कच्च्या रस्त्यावर मनगटं आणि कंबर काय म्हणतात, परतताना अंधारात रस्त्याची कड कुठपर्यंत दिसते, हे एकाच फेरीत कळून जाईल. पाऊस पडून गेलेला असेल तर आणखीच बरं. मालकाला गाडी धुऊन आणि पेट्रोल भरून परत द्या.